अर्धे सरळ, अर्धे कुरळे

याआधी मी या रेडिओवर आले तेव्हा मेंदी कशी भिजवायची आणि उन्हाळ्यात चेहरा कसा जपायचा, यावर बोलले होते. आज केसांवर बोलणार आहे. आज थोडं स्वतःचंच उणंदुणं सांगावं लागणार आहे, म्हणून कालपासून जरा धाकधूक आहे.

कारंज्यात माझं छोटंसं पार्लर आहे, बारा-तेरा वर्षांपासून. भुवया कोरणं, फेशियल, नवरी सजवणं ही रोजची कामं. पण खरा पैसा मिळायचा तो केस सरळ करण्यात, म्हणजे ज्याला आपण स्मूदनिंग म्हणतो त्यात. एका डोक्याचे साडेतीन-चार हजार. लग्नसराईत आठवड्याला तीन-तीन बायका. आमच्या घराचा स्लॅब पडला त्यात या पैशाचा वाटा आहे, हे मी नाकारत नाही. आणि सगळ्यात पहिलं डोकं माझंच होतं. माझे केस जन्माचे कुरळे. हे गाव सोडल्यापासून मी कोणाला कळूच दिलं नव्हतं.

माझं माहेर रिसोड तालुक्यातलं. लहानपणी माझ्या डोक्याला सुगरणीचा खोपा म्हणायचे. आजच्या पोरी मॅगी म्हणतात, नूडल्स म्हणतात, तेव्हा खोपा. आई शेतातून यायची, हातात फणी घ्यायची, मला दोन गुडघ्यांत धरायची आणि कोरडे केस वरून खाली ओढायची. मी रडायची. मग वाटीभर तेल थापून दोन घट्ट वेण्या, वर लाल रिबिनी. तिची काही चूक नव्हती. कुरळे केस वरून खाली कोरडे विंचरायचे नसतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिच्याजवळ तेवढा वेळही नव्हता.

2008 मध्ये मला पाहायला पाहुणे येणार होते. त्या दिवशी सकाळी माझ्या चुलत बहिणीनं मला पलंगाला टेकून खाली बसवलं, केस पलंगाच्या कडेवर पसरले, वर ओढणी टाकली आणि कपड्याची इस्त्री फिरवली. अर्धा वास जळक्या केसांचा, अर्धा पोह्यांचा. पाहुणे म्हणाले, "पोरीचे केस लांबसडक आहेत." लग्न ठरलं. आता लग्नाच्या दिवशी केस कुरळे दिसले तर काय, म्हणून अकोल्याला जाऊन केस कायमचे सरळ करून आणले. तिथून जे सुरू झालं ते दरवर्षी. नवे केस मुळाशी कुरळे उगवायचे, ते दिसायच्या आत पुन्हा सरळ करायचे. आधी दुसरीकडून, नंतर मीच शिकले, मग मैत्रिणीकडून करवून घ्यायची.

आता केस सरळ होतात म्हणजे नेमकं काय होतं, ते सांगते. मीही कितीतरी वर्षं डब्यावरचं वाचून नुसते हात चालवत होते.

केस बनतो केराटिन नावाच्या प्रथिनाचा. त्यात गंधकाचे सांधे असतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. केस सरळ राहायचा की वळायचा, हे ते सांधे पक्कं धरून ठेवतात. केस ज्या खड्ड्यातून उगवतो तो खड्डा वाकडा असेल, तर केस वळतच बाहेर येतो. आपल्याकडच्या स्ट्रेटनिंगच्या क्रीममध्ये बहुधा थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. ते हे सांधे तोडतं. मग गरम पट्टीनं केस ताणून सरळ करायचा आणि दुसऱ्या द्रावणानं सांधे त्या सरळ जागी पुन्हा जोडायचे. अमेरिकेत ज्याला रिलॅक्सर म्हणतात त्यात तर सोडियम हायड्रॉक्साइड असायचं, म्हणजे साबण करायचा कॉस्टिक सोडा. डोक्याची कातडी भाजेल इतका जहाल.

यातून दोन गोष्टी निघतात. एकदा सरळ केलेला केस पुन्हा कुरळा होत नाही. कोणी म्हणेल अमुक तेल लावा, तमुक मास्क लावा, वळण परत येईल, तर ते पैसे वाया. आणि दुसरी, मुळातून येणारा नवा केस आपल्याच वळणाचा येतो, कारण खड्डा बदललेला नसतो. म्हणजे कुरळे केस परत हवे असतील तर एकच मार्ग. थांबायचं, वाढू द्यायचे, आणि जुने सरळ केस कापून टाकायचे. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, वर्षाला सहा इंच. कापल्यानं ते लवकर वाढतात असं म्हणतात, तेही खरं नाही. कापायचं ते टोकाला आणि वाढतं ते मुळाशी, टोकाची बातमी मुळाला कळत नाही.

मी का थांबले, ते सांगते. कारण एक नव्हतं.

आधी डोळे. केराटिन ट्रीटमेंट म्हणून जी निघाली, तिची गरम पट्टी फिरवली की पांढरी वाफ निघायची. माझं दुकान दहा बाय बाराचं, एक खिडकी, तीही हिवाळ्यात बंद. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव. गिऱ्हाईक तीन तास बसून घरी जायचं, मी आठवड्यात तीन वेळा ती वाफ घ्यायची. त्या वाफेत फॉर्माल्डिहाइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था त्याला माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरते. मग बाजारात 'फॉर्माल्डिहाइड नाही' लिहिलेले डबे आले. मी खूश झाले. त्यातल्या पुष्कळ डब्यांत ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. ते तापवलं की त्यातूनही फॉर्माल्डिहाइड निघतं, आणि ते कातडीतून अंगात गेलं तर त्याचं ऑक्झलेट होऊन त्याचे खडे मूत्रपिंडात अडकतात. इस्राएलमध्ये 2019 ते 2022 या काळात केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंड बिघडलेल्या 26 बायका डॉक्टरांनी नोंदवल्या. 2024 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका 26 वर्षांच्या बाईची हकीगत छापली. तिनं तीनदा केस सरळ केले, 2020, 2021 आणि 2022 मध्ये, आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडावर परिणाम झाला. मग त्यांनी तेच क्रीम उंदरांना लावून पाहिलं, त्यांच्याही मूत्रपिंडात तेच.

अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेनं 33 हजारांहून अधिक बायकांची साधारण अकरा वर्षं नोंद ठेवली. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात 1.64 निघालं, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत 4.05. हे 2022 मध्ये छापून आलं. आता कोणी घाबरून जाऊ नका. शंभरातल्या शहाण्णव जणींना तो झाला नाही, असंही त्यातच आहे. आणि वर्षात चारदा करणाऱ्या आपल्याकडे क्वचितच. पण माझ्यासारख्या करणाऱ्या बाईचं काय, जी दुसऱ्यांच्या डोक्यावर वर्षाला शंभरदा करते? त्या आकड्यांत माझी रांगच नव्हती.

हे सगळं दूरदेशचं वाटत असेल तर अकोल्याचंच घ्या. आपला जिल्हा 1998 पर्यंत अकोल्यातच होता. 2023 च्या सुरुवातीला तिथल्या एका घरातल्या तिघींचं मूत्रपिंड बिघडल्याचं पेपरात आलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा गोरं करायच्या क्रीममध्ये पारा सापडला. ते क्रीम केसांचं नव्हतं, चेहऱ्याचं होतं. पण ते वाचताना माझे हात गार पडले. माझ्या फळीवरच्या प्रत्येक डब्यात काय आहे, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

तरीही मी लगेच थांबले नाही. मे 2023 मध्ये नणंदेच्या लेकीचं लग्न होतं, त्याच्या आधी मी पुन्हा केस सरळ करून घेतलेच. माणूस असंच असतं बाई.

मग दिवाळीला माझी लेक, तेव्हा सातवीत, म्हणाली, "आई, माझेही करून दे ना सरळ. गॅदरिंग आहे." तिचे केस माझ्यासारखेच. घरात जन्मापासून सगळे म्हणायचे, पोरगी आत्यावर गेली. कारण माझ्या नणंदेचे केसही थोडे कुरळे, आणि माझे तर कोणी पाहिलेच नव्हते. मीही कधी बोलले नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "तुझे किती छान आहेत, मला आत्याचेच कशाला आले?"

मी माहेराहून शाळेचा फोटो मागवला. चौथीतला, रिबिनी सुटलेल्या, खोपा पसरलेला. तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मग तू इतकी वर्षं सांगितलं का नाही?" मला उत्तर सुचलं नाही. यजमानांनीही फोटो पाहिला. पंधरा वर्षं संसार झाला होता, तेही म्हणाले, "ही तू?"

त्या दिवाळीला ठरवलं. तिचेही करायचे नाहीत आणि माझेही.

आता मधले दिवस. बायका मला सगळ्यात जास्त याबद्दलच विचारतात आणि हाच भाग कोणी नीट सांगत नाही. वर कुरळे, खाली झाडूसारखे सरळ. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत तर नुसतं वाटतं की मुळाशी केस फुगलेत. मग सांधा दिसायला लागतो. जिथं नवा केस जुन्याला भेटतो ती जागा सगळ्यात कच्ची. विंचरताना तिथूनच तुटतो. न्हाणीघरात तुटके केस पाहून मी रडले आहे. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं सगळ्यांचंच असतं. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असते. तुटलेल्याला ती नसते. माझे तुटत होते.

त्यातच जानेवारी 2025 आला. आठवत असेल, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत तीन-चार दिवसांत माणसांची टक्कलं पडायला लागली होती. कोणी शॅम्पूला बोल लावला, कोणी विहिरीच्या पाण्याला. पुढं डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासलं तर अंगात सेलेनियम फार आणि झिंक कमी आढळलं, आणि त्यांनी बोट दाखवलं रेशनच्या गव्हाकडे. तर त्या दिवसांत माझ्या कपाळावर तुटक्या केसांची झालर. एक गिऱ्हाईक दारातूनच परतली. "तुयाकडंही आलं का वं ते शेगावचं?" आता हसू येतं. तेव्हा नाही आलं.

सासूबाईंना वेगळीच भीती होती. केस गुंतलेले दिसले की म्हणायच्या, "जट येईन सूनबाई, मंग काय करशीन?" जट आली की देवीचं बोलावणं, कापायची नाही, असं अजून आपल्याकडे मानतात. मी त्यांना शांतपणे सांगितलं की केस वेळेवर सोडवले नाहीत, तेल-मळ बसला, की जट होते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी पुण्याकडच्या दोनशेहून अधिक बायकांच्या जटा सोडवल्यात, कोणावर देवीचा कोप झाला नाही. सासूबाई म्हणाल्या, "पुण्याची देवी येगळी असंन." यावर काय बोलायचं?

कुरळ्या केसाची निगा कशी राखायची, ते मला शिकताना दीड वर्ष लागलं. तुम्हाला तेवढं लागू नये.

डोक्याच्या कातडीतून जे तेल सुटतं ते सरळ केसावरून भराभर टोकाला जातं. कुरळ्या केसाच्या वळणांवरून ते खाली पोचतच नाही. म्हणून आपले केस मुळाशी चिकट आणि टोकाला कोरडे. रोज शॅम्पू नको, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि तोही फक्त मुळाशी, बोटांच्या पेरांनी. न्हायच्या आदल्या रात्री खोबरेल. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाहून जातं, हे मुंबईतल्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं आहे. ते संशोधक तेलाच्याच कंपनीत नोकरीला होते, हेही सांगून टाकते. पण माझा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे.

कोरडे केस विंचरायचे नाहीत. हे एवढं एक ऐकलं तरी माझं आजचं येणं सार्थकी लागलं. केस ओले असताना, कंडिशनर लावलेला असताना, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकापासून सुरुवात करून वर वर यायचं. फणी फक्त उवांसाठी. नंतर टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात केस मुठीनं दाबत दाबत पाणी टिपायचं. आणि मग हात लावायचा नाही. वाळेपर्यंत अजिबात नाही. हे शेवटचं सगळ्यात कठीण.

आता पाणी. आपल्या भागात बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, तोच थर केसावरही बसतो. आणि उन्हाळ्यात तर टँकरची वाट पाहणारी गावं आहेत, तिथं 'केस भरपूर पाण्यानं धुवा' असं मी कोणत्या तोंडानं सांगू? मी काय करते ते सांगते. न्हाणं बोअरच्याच पाण्यानं, एका बादलीत. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा. पावसाळ्यात पत्र्यावरून पहिला पाऊस वाहून गेला की पुढच्या पावसाचं पाणी टाकीत धरते. त्या पाण्यानं धुतलेले केस मऊ राहतात, हे माझी आजीही सांगायची.

आणि जवस. शहरात जवसाची जेल म्हणून छोटी बाटली पाच-पाचशेला विकतात. अगं, जवस आपल्या वऱ्हाडातलं! चटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय. चार चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर. ढवळत राहायचं, नाहीतर बुडाला लागतं. भेंडीसारखी तार सुटायला लागली की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं. गार झालं की ते सुटत नाही, मी पहिल्यांदा कापडासकट फेकून दिलं होतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. फ्रिज नसेल तर त्या दिवसापुरतंच करायचं, दुसऱ्या दिवशी वास येतो. ओल्या केसांना हातावर घेऊन खालून वर मुठीत दाबत लावायचं. वाळल्यावर केस कडक वाटतील, घाबरू नका, हातानं चुरगाळले की मऊ होतात. उरलेल्या बिया फेकू नका, भाकरीच्या पिठात जातात.

रात्री डोक्यावर केसांचा सैल बुचडा आणि उशीला जुन्या रेशमी साडीची खोळ. सुती खोळ केस ओढते. माझ्या लग्नातल्या शालूचा पदर फाटला होता, त्याचीच केली.

कापायचं राहिलं. काही जणी एकदमच सगळं सरळ कापून टाकतात, डोक्यावर चार बोटं केस उरले तरी चालतात. माझी तेवढी हिंमत नव्हती. मी दर दोन-तीन महिन्यांनी दोन-दोन इंच कापत गेले. 2025 च्या पाडव्याच्या आधी शेवटचा सरळ भाग गेला. ओले असताना ओढून पाहिले तर पाठीपर्यंत, आणि वाळले की खांद्यावर. सवाष्णीनं केस कापू नये, असं सासूबाईंचं म्हणणं. मी म्हटलं, आई, दरवर्षी रसायनानं जाळत होते तेव्हा तुम्ही काही बोलल्या नाहीत. त्या गप्प झाल्या. मला मात्र त्यांना गप्प करून बरं वाटलं नाही. त्यांच्या आईचं केशवपन झालं नव्हतं, पण त्यांनी गावात तसल्या विधवा पाहिलेल्या. बाईनं केस ठेवायचे तर कोणासाठी आणि काढायचे तर कोणासाठी, हे त्यांनी कधी स्वतः ठरवलेलंच नाही. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हावी समाजाची सभा झाली आणि विधवांचे केस आम्ही भादरणार नाही, असं त्यांनी ठरवलं. तेव्हा वस्तरा ज्याच्या हातात होता तो थांबला. मी हे वाचलं तेव्हा माझ्या हातातल्या गरम पट्टीकडे पाहत बसले होते.

ही गोष्ट फक्त आपली नाही. अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी तर पिढ्यान्‌पिढ्या कॉस्टिकचं क्रीम डोक्याला लावलं, का तर नोकरीत, शाळेत त्यांच्या मूळ केसांना अस्वच्छ म्हणायचे. तिथल्या कॅलिफोर्निया राज्यानं 2019 मध्ये कायदा केला, की केसांच्या मूळ ठेवणीवरून कोणाला नोकरीत किंवा शाळेत डावलायचं नाही. केस जसे उगवतात तसे ठेवायला कायदा लागावा!

आणि आपलं वाशीम? म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. त्याच्या शेजारच्या सतराव्या लेण्यात आरशात पाहणारी एक बाई रंगवली आहे. मी लेकीला घेऊन सहलीला गेले होते. गाईड दागिने दाखवत होता, माझी लेक केस पाहत होती. अजिंठ्याच्या त्या बायकांच्या कपाळावर, मानेवर बघा, कुरळ्या बटा आहेत. चित्रकारानं एक-एक वळण रंगवलंय. त्या काळी वाशीमच्या राजाच्या राज्यात सुंदर बाई काढायची तर अशी काढत होते. मग मध्ये कधी हा 'लांबसडक सरळ' आला, आणि बायोडेटात जाऊन बसला, मला ठाऊक नाही. आता सिनेमात मिथिला पालकर आपल्या कुरळ्या केसांतच दिसते, त्याचा पोरींना आधार वाटतो. माझ्या लेकीच्या कपाटावर तिचा फोटो आहे.

धंद्याचं विचाराल, तर मी स्मूदनिंग बंद केलं. पहिल्या वर्षी कमाई जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं पडली. खोटं कशाला बोलू? काही जुन्या गिऱ्हाईक गेल्या त्या गेल्याच. "तुमच्याच डोक्याचं असं, तर आमचं काय करसान?" असंही ऐकलं. लग्नापुरती, एका दिवसाची इस्त्री मी अजून करून देते, धुतली की उतरते. ज्या पोरी रसायनानं सरळ करून घेतात त्यांना मी नावं ठेवत नाही, ठेवायचा मला अधिकारही नाही. एवढंच सांगते, करायचंच असेल तर डब्यावरचं वाचा, ग्लायऑक्झिलिक लिहिलंय का बघा, डोक्याला जखम, खाज असताना करू नका, आणि करून आल्यावर मळमळ, पोटात-पाठीत दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं तर डॉक्टरला केस सरळ केल्याचं आधी सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना ते सुचायचं नाही.

गेल्या महिन्यात मानोऱ्याकडची एक पोरगी आली. बी.एस्सी. झालेली, केस माझ्यासारखेच, रविवारी पाहुणे येणार. आई सोबत. म्हणाली, "ताई, सरळ करून द्या." मी नाही म्हटलं, माझे केस दाखवले, तिला खुर्चीत बसवून ओल्या केसांना जवस लावून दिलं, एक पैसा घेतला नाही. तिनं आरशात वळणं पाहिली आणि बराच वेळ गप्प बसली. आईनं सांगितलं, "छान दिसून रायलं, पण पाहुन्याइले चालन का?" पोरगी म्हणाली, "पहिल्याच दिवशी पाहू देत की." आई काही बोलली नाही. दोघी उठून गेल्या. रविवारी ती कशी बसली पाहुण्यांपुढं, मला अजून कळलेलं नाही. ती जर ऐकत असेल तर दुकानावर ये गं, तुझी कंगव्याची पिशवी इथंच राहिली आहे.